शेवट कुणी फोडला?

चहा आला की भूतकाका आधी माझा पहिला घोट बघायचे, मग स्वतःचा कप उचलायचे. कोपरखैरण्यात माझं छोटंसं वाचनालय होतं. चहा शेजारच्या टपरीवरून यायचा आणि त्या टपरीवाल्याचं काकांशी काडीचंही वैर नव्हतं. "सवय असावी," एवढंच ते म्हणायचे. यांच्या कादंबऱ्या वाचून आमच्या सेक्टरातल्या बायका तिन्हीसांजेला गच्चीवरचे कपडे काढायला एकट्या जात नसत, आणि हा गृहस्थ कटिंग चहाला भ्यायचा.

काका मूळचे साताऱ्याकडचे. पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे आणि घरी आल्यावर भयकथा लिहायचे. आधी दिवाळी अंकांत लिहिलं, मग खिशात मावतील अशा कादंबऱ्या सुरू झाल्या. मुखपृष्ठावर हिरवा चेहरा, मोकळे केस आणि मागे पेटलेला वाडा, हे ठरलेलं. पुस्तकात वाडा नसला तरी मुखपृष्ठावर असायचाच. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत माझ्याकडे त्यांच्या नव्या पुस्तकासाठी लोक आधीपासून नाव सांगून ठेवायचे. मला त्याचा अभिमान होता, कारण हा लेखक आमच्या सेक्टरचा होता.

वाचनालयात ते नेहमी भिंतीला पाठ लावून बसत. परत आलेलं स्वतःचं पुस्तक उघडून डाग शोधत. चहाचा डाग सापडला की खूश. "इथं दचकला बघ," म्हणायचे. पण कुणी पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

"एका दिवसात वाचली? वाचली नाही शुभा, झेरॉक्स काढली."

"काका, जोशीबाईंना रात्री झोप लागत नाही, म्हणून वाचून होतं."

"झोप का लागत नाही, ते विचारलंस का?"

भुतांवर मात्र त्यांचा संशय नव्हता. "भूत काय कागदावर सह्या करून घेतं का? त्याला कशाला भ्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. माझ्या गाळ्याचे मालक शेजारच्या बोनकोडे गावचे, आगरी. एकदा ते चिडवायला म्हणाले, "काका, खाडीकडच्या खारीत आता भूत नाय हाय. होतं ते बिल्डरला बघून पलालं." काका हसले नाहीत. "ह्यांनी हे मला का सांगितलं असेल?" एवढंच त्यांनी मालक गेल्यावर मला विचारलं.

अशा माणसाच्या दारात टीव्हीवाले आले. केबल नुकतीच घरोघर पोचली होती, वाहिन्यांना मालिका हव्या होत्या आणि काकांची भुतं तयार होती. पहिली मालिका आम्ही सगळ्यांनी वाचनालयात टीव्ही आणून पाहिली. कादंबरीतली हडळ खरी हडळ होती. मालिकेच्या शेवटी मात्र तिच्या डोक्यावरचा पदर ओढला, तर आत इस्टेटीचा मॅनेजर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका उठून बाहेर गेले. मी मागे गेले, तर कठड्याला धरून उभे होते. "माझं भूत खरं होतं गं," म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या मालिकेला त्यांनी अट घातली: शेवटचं प्रकरण चित्रीकरणाच्या दिवशीच देईन. गोष्ट अजून न छापलेली, मिठागरातल्या कामगाराची होती. त्याची मेलेली बायको रोज संध्याकाळी येऊन मीठ ओढते आणि तो ती दिसत नसल्याचं सोंग करतो. काकांना खात्री होती की हा शेवट कुणीतरी फोडणार. म्हणून त्यांनी तीन वेगवेगळे शेवट लिहिले. एक प्रकाशकाला दिला, एक मुद्रितं तपासणाऱ्याला आणि एक मला. "वाचून सांग, लोकांना झेपेल का," म्हणाले. मी आपली हरखून गेले. हा सापळा आहे, हे मला कुठून कळणार? तिन्ही शेवटांचं हस्तलिखित लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची चावी काकूंच्या कमरेला. काकू पोथीशिवाय काही वाचत नाहीत, असं काका सगळ्यांना सांगत.

माझ्या शेवटात तो कामगार एका संध्याकाळी दार लावत नाही आणि ताटावर बसताना दुसरं ताट वाढून ठेवतो. टीव्हीवाल्यांनी काकांची वाट न पाहता शेवटचा भाग उरकला. तो लागला तेव्हा दार उघडं होतं आणि ताटं दोन होती.

दुसऱ्या दिवशी काका आले, बसले नाहीत. "किती दिले त्यांनी?" एवढंच विचारलं. मी शपथा घेतल्या, रडले. "तुझा शेवट फक्त तुझ्याकडे होता," ते म्हणाले आणि गेले. मग मीही येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसू लागले. कागद माझ्या खणात असताना जोशीबाई इतका वेळ का थांबल्या होत्या? मालक किल्ली विसरल्याचं सांगून का परत आले होते? हा रोग लागायला वेळ लागत नाही.

मग एका दुपारी काका कंपनीत असताना काकू आल्या. पंख्याखाली बसल्या, पदराने मान पुसली आणि सरळ म्हणाल्या, "शेवट म्या सांगितला."

"तुम्ही?" मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"त्या टीव्हीवाल्यांचा मानूस घरी आलता. म्हनला, शेवट न्हाई तर पुन्यांदा मॅनेजरला लुगडं नेसवतो. मागल्या बारीला हे कितीतरी दिस धड जेवले नव्हते. मग मला जो ग्वाड वाटला, त्यो सांगितला. समदे वाचते की मी. चावी माझ्याच कमरेला हाय."

"मग सांगा ना काकांना!"

"सांगीन. मग उद्यापासनं माझ्या हातची भाकर बी हुंगून खातील. जगात एका मानसावर भरवसा हाय त्यांचा, पोरी. त्यो बी काढून घिऊ व्हय?"

"आणि मी चोर?"

"तू चार दिस रडशील. ते जल्मभर झोपायचे न्हाईत."

मला भयंकर राग आला. अजूनही येतो. पण मी गप्प राहिले. ती मालिका खूप गाजली, काकांचं नाव झालं, आणखी दोन कादंबऱ्या पडद्यावर आल्या. सगळ्यांत भूत खरंखुरं होतं. काकांनी तो शेवट पुस्तकातही तसाच ठेवला. वाचनालयात मात्र पाऊल टाकलं नाही. त्यांची पुस्तकं मी पहिल्या फळीवरच ठेवत होते.

निवृत्त होऊन गावी जायच्या आधी ते आले. बरोबर काकू होत्या. काका वाळले होते, पण माझ्याकडे बघायची नजर तीच.

"शुभा, झालं ते झालं. एकदा कबूल कर, म्हणजे मला मोकळं वाटेल. मी मनात ठेवणार नाही."

काकू फळीवरच्या पुस्तकांकडे बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावरचा पदर हलत होता. एक वाक्य बोलायचा अवकाश होता, आणि ते माझ्या तोंडात तयार होतं.

"चुकलं काका," मी म्हणाले.

काकांचा चेहरा असा उजळला! माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बघ! मी म्हणत नव्हतो? बरोबर हिच्यावरच माझा संशय होता."

काकूंनी वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमास्नी कोन फसवनार?" त्या म्हणाल्या.