फुलचूरच्या समुद्रात चुन्याची पुडी

गोंदियाच्या माणसाला समुद्र बघायचा असेल तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते, नाहीतर फुलचूरला माझ्या घरी यावं लागतं. मी दुसरा मार्ग सुचवतो. चहा मिळतो, चपलांत वाळू जात नाही, आणि लाटांचं बटण माझ्या हातात आहे. बैठकीत जिथे टीव्ही होता तिथे चार फुटी काचेच्या पेटीत मी समुद्र ठेवला आहे. पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं, पण लाटा एकदम अस्सल. पंप जोरात सोडला की सोफ्यावरच्या पाहुण्याला मळमळतं. दोघांना तर लिंबू चाटवून शुद्धीवर आणलं आहे.

या समुद्रात प्रवाळ राहतं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. दगडाचं घर स्वतःच बांधून त्यात राहणारा तो एक मऊ जीव. बांधकामाला लागणारं कॅल्शियम आणि क्षारता तो पाण्यातूनच ओढतो, आणि इतकी हावरट ओढ की रोज भरून द्यावं लागतं. म्हणून माझ्याकडे तीन बाटल्या. पहिलीत क्षारता, म्हणजे खाण्याच्या सोड्याची थोरली बहीण. दुसरीत कॅल्शियम. ही दोघं म्हणजे लग्नात एकमेकांचं तोंड न पाहणारे साडू. एका पंगतीत बसवले की भांडण पेटलंच. दोघंही पांढरी पूड होऊन तळाला जातात आणि प्रवाळ उपाशी राहतं. तिसऱ्या बाटलीतलं मॅग्नेशियम हा दोघांच्या मध्ये बसणारा वडीलधारा. तो हजर असला की साडू निमूट जेवतात. तरी मी धोका घेत नाही. एक सकाळी, एक संध्याकाळी, सिरिंजने, थेंब थेंब. एवढ्या काळजीने मी स्वतःची बीपीची गोळीसुद्धा घेतलेली नाही.

याआधी माझी दोन प्रवाळं वारली होती. तिसरं मुंबईहून पार्सलने आलं, हिरव्यागार बोटांचं, मुठीएवढं. बायकोने त्या दिवशी काचेवर टिचकी मारून सांगितलं, “हे मेलं ना, तर या पेटीत मी तांदूळ भरीन. दोन कट्टे आरामात बसतात. मापलं मी.”

पेटीत तांदळाची दोन पोती बसतात का ते तिने खरंच टेप लावून मापलं होतं. त्यामुळे त्या हिरव्या बोटांवर माझा अख्खा समुद्र टांगलेला होता, आणि ती बोटं अशी फोफावली, अशी फोफावली की बालाघाटहून लोक जेवणाचा डबा घेऊन बघायला यायचे.

मग उन्हाळ्यात मामाजी आले. मामाजी म्हणजे माझे सासरे. कामठ्याला त्यांची शेती. कवळी बसवायला आले होते. डॉक्टरने उरलेसुरले दात काढले आणि वर तंबाखू बंद केली. उभ्या जन्माची सवय एका खुर्चीत बसून सुटली. तंबाखू त्यांनी रागाने नालीत फेकली, पण तंबाखूत मळायच्या चुन्याची गावाहून आणलेली भलीमोठी पुडी काही फेकवेना. ती बंडीच्या खिशात घेऊन ते दिवसभर कूलरसमोर बसत. समोरच माझी पेटी. बोळक्या तोंडाने मऊ भात खाणारे मामाजी आणि बिनदातांचं प्रवाळ, दोघांचं जमलं. मी आत असलो की त्यांचं बोलणं ऐकू येई, “झोप झाली का बाप्पा? आज गरमी लय आहे.”

एका सकाळी मी पाणी तपासलं. लहान नळीत थेंब टाकायचे आणि रंग कधी बदलतो ते बघायचं, इतकं सोपं काम. कॅल्शियम खाली आलेलं. चहाच्या वेळी मी ते जाहीर केलं.

मामाजींनी बशी खाली ठेवली. “कमी पडलं म्हणजे? काय पाहिजे त्याले?”

“चुनाच समजा, मामाजी.”

“मंग देत काऊन नाही?”

“संध्याकाळी देईन. हळूहळू द्यावं लागते.”

“पोराले भूक आता लागली, अन् हे जेवाले देतीन संध्याकाळी,” मामाजी कूलरला म्हणाले.

मी बाजारात गेलो. भर दुपारी परत आलो तर पेटीत ताकाचा समुद्र. पांढराफटक. मासे दिसेनात, दगड दिसेनात. काचेला नाक लावलं तरी पलीकडचा दिवा दिसेना. आणि त्या ताकासमोर मामाजी, आहेर करून आलेल्या माणसासारखे प्रसन्न.

“देल्लं त्याले,” ते म्हणाले. “पुरी पुडी देल्ली. मले तर डॉक्टरनं बंद केलं. त्यानं तरी खावं.”

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने पेटीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कट्टे उचलाले कोनाले बोलावू?”

मी आमच्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या ग्रुपातल्या एका पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्याने पीएच विचारला. यंत्र बुडवलं तर सव्वाआठ हवा तो आकडा नऊच्या वर, आणि अजून चढतोय. “हे पाहा, आपण मुळीच घाबरून जाऊ नका,” तो म्हणाला. “अशा परिस्थितीत सर्वप्रथम आपण शांत राहायला हवं.”

“हा मानूस घाबरू नका म्हनाले किती वेळ लावून राहिला,” बायको म्हणाली. “फोन इकडं द्या. भाऊ, टाकू काय ते सांगा.”

“साधा सोडा टाका, वहिनी. बाटलीतला, फसफसणारा. मसाला नको, लिंबू नको. त्यातल्या वायूने पीएच उतरेल. पण थोडा थोडा, पंपाजवळ, आकडा बघत बघत.”

मी चौकात असा धावलो की वाटेतली म्हैस चकित होऊन बसली. दुकानदाराकडे सोड्याचं अख्खं क्रेट मागितलं.

“पूरा क्रेट? भरी दोपहर में?” त्याने आवाज खाली आणला. “भैया, कौन पास हुआ?”

“समुंदर बीमार है.”

“हाँ हाँ, ले जाइए. मैं किसी को नहीं बोलूँगा.”

तो किती लोकांना बोलला ते मला घरी पोचल्यावर कळलं. फाटकात आमचे एक शेजारी उभे, हातात शेंगदाणे आणि चिरलेल्या कांद्याची ताटली. “बोलावलं नाही, तरी आलो,” ते म्हणाले. “सासरे आले आहेत म्हनते. म्हटलं ओळख होऊन जाईल.”

बायकोने त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली आणि सोड्याच्या बाटल्या दिल्या. “फोडा. एकेक.”

मग आमच्या बैठकीत जे झालं ते गोंदियात कोणी पाहिलं नसेल. शेजारी झाकणं उडवताहेत, बायको यंत्रावरचा आकडा ओरडून सांगते आहे, मी स्टुलावर उभा राहून पंपाच्या तोंडाशी पेलापेलाने सोडा ओततो आहे. समुद्र खदखदतोय. आकडा चढायचा थांबला. थबकला. मग उतरायला लागला, आणि आम्ही तिघं असे ओरडलो की समोरच्या घरची पोरं क्रिकेटचा स्कोअर विचारायला आली. आकडा साडेआठच्या खाली आला तेव्हा बायकोने हात वर केला. “बस. आता एक थेंब नाही.”

पाणी हळूहळू निवळलं. एक मासा दिसला, रागावलेला पण जिवंत. मग दुसरा. मग प्रवाळ दिसलं. एकही बोट बाहेर नव्हतं. नुसता राखाडी दगड.

“गेलं काय?” शेजाऱ्यांनी विचारलं. बायकोने त्यांची ताटली परत दिली आणि दाराकडे पाहिलं.

मामाजी टोपी हातात घेऊन खुर्चीत बसले होते. “जवाईबापू,” ते म्हणाले, “माह्या हातानं मेलं का ते?”

“नाही मामाजी. झोपलं आहे.” जन्मभर थापा मारल्या, पण ही एक खरी निघावी म्हणून मी आतून हात जोडले होते.

मामाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कवळीसाठी दवाखान्यातून फोन आला तर म्हणाले, “दात काही पळून नाही जात.” बायको खिचडीची वाटी घेऊन त्यांच्याशेजारी बसली, आणि बापलेक दोघं काचेकडे बघत राहिले. तांदळाचा विषय तिने काढला नाही. मी पाणी तपासत होतो, तळाची पूड काढत होतो, थोडं थोडं पाणी बदलत होतो, आणि दगड दगडच राहत होता.

मग एका सकाळी मी दात घासत असताना बैठकीतून हाक आली. मोठी नव्हती. लहान मूल जागं होईल अशा बेताची.

“जवाईबापू, इकडं या. लवकर नका येऊ, हळू या.”

दगडाच्या फटीतून एक हिरवं टोक बाहेर आलं होतं, नुकत्याच फुटलेल्या धानाच्या कोंबाएवढं. आमच्या डोळ्यांदेखत दुसरं आलं. बायकोने तोंडावर पदर धरला. दुपारपर्यंत सगळी बोटं बाहेर. मी सांगतो, आधीपेक्षा दोन जास्तच होती.

त्या दिवसापासून तिन्ही बाटल्यांचा ताबा मामाजींकडे गेला. सिरिंज उजेडात धरून ते एकेक रेघ बघतात. मी मॅग्नेशियम जरा वाढवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “पाहू. घाई नका करू तुमी.” परवा मेव्हण्याचा कामठ्याहून फोन आला. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायची वेळ झाली, बाबा कधी येतात? मामाजींनी फोन घेतला आणि नव्या दातांनी स्पष्ट सांगितलं, “तूच टाकून घे रे. इकडं कॅल्शियम सकाळपासून खाली आहे. मी येऊ कसा?”