मिरजेला निघालेली बाबागाडी

धाकटा वर्षाचा होत आला तेव्हा मी घरात जाहीर केलं, की मला बाबागाडी घ्यायची आहे. तीही हलकी, मिटणारी, प्रवासात बरोबर नेता येईल अशी. आम्ही तेव्हा कर्वेनगरला राहायचो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवरा गुजरातेत एका प्रकल्पावर होता, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. बाकी घरात मी, माझी चार वर्षांची मुलगी, हा धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आईच म्हणायची. त्यांचा जन्म नारायण पेठेतला, आणि जीभही तिथलीच.

आई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "गाडीवरून भाजी येते. मुलं कडेवर वाढतात."

आमच्या घरातली मुलं कडेवरच वाढत होती, हे खरंच होतं. फक्त ती कड माझी नव्हती.

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या उजव्या पायात जोर नाही. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर आणि हातात काठी, अशी मी शाळा, कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न आणि दोन बाळंतपणं पार पाडली. स्वयंपाक करते, कठडा धरून जिने चढते, बाजूला जादा चाकं लावलेली स्कूटर चालवते. कुणी 'अगं बाई गं, कसं गं करतेस' म्हणालं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. पण एक गोष्ट मला खरोखरच जमत नाही. मूल उचलून चालणं. मुलगी तान्ही असताना तिला घेऊन मी उंबऱ्यापाशी पडता पडता वाचले. त्या दिवसापासून घरात न बोलता एक नियम झाला. मी बसून मुलाला घ्यायचं, आणि मी उठले की कुणीतरी ते माझ्याकडून घ्यायचं.

हे सगळं मायेनंच होत होतं, आणि तीच तर अडचण होती. आई इतक्या तत्पर, की मी उठण्यासाठी कॅलिपरचं गुडघ्यापाशी असलेलं कुलूप लावायला हात खाली नेला की धाकटा त्यांच्या कडेवर पोचलेला असायचा. संध्याकाळी फिरायला त्या न्यायच्या, डॉक्टरकडे त्या न्यायच्या, चिऊ-काऊ त्या दाखवायच्या. रांगता रांगता पडला की तो मला ओलांडून त्यांच्याकडे जायचा. एकदा शेजारच्या काकूंनी माझ्या मुलीला गमतीत विचारलं, "काय गं, बाळाला फिरायला कोण नेतं?" ती म्हणाली, "आजी. आई घरी बसते." काकू हसल्या, मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

माहेरी मिरजेला जायचं तरी तेच. नवरा पोचवायला येणार, नवरा आणायला येणार. पार्सलसुद्धा याहून मोकळेपणानं प्रवास करतं. माझी इच्छा फार मोठी नव्हती. एकदा, फक्त एकदा, माझ्या मुलांना माझ्या आईकडे मी घेऊन जायचं होतं. घरचं कुणी बरोबर नको होतं.

हे सगळं मी त्या दिवशी पोळपाटाशेजारी उभी राहून सांगून टाकलं. आईंनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगलेली खाली काढली. मग म्हणाल्या, "रविवारी जाऊ. दुपारी दुकानदार झोपायच्या आत."

बुधवार पेठेतल्या एका दुकानात पाळणे, तीनचाकी सायकली आणि बाबागाड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. दुकानदारांनी पहिल्यांदा जी गाडी काढली ती भारदस्त होती. मोठी चाकं, जाड गादी, वर छत, हाताशी रुंद दांडा. आईंनी धाकट्याला तिच्यात बसवलं. मी काठी मुलीच्या हातात दिली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि चालायला लागले. गाडीनं माझा भार घेतला. त्या गर्दीच्या दुकानात, पाळण्यांच्या मधून, मी माझ्या मुलाला घेऊन चालत होते. त्याच्या डोक्यावरचा भोवरा मला वरून दिसत होता. तो भोवरा मी बसून खूपदा पाहिला होता, पण माझ्या पुढे पुढे जाताना कधीच नाही. मला तिथून हलावंसंच वाटेना.

मग मी ती मिटवून एका हातानं उचलून पाहिली. ती जमिनीपासून वीतभरही सुटली नाही. रिक्षात कोण चढवणार? रेल्वेच्या डब्यात कोण चढवणार?

दुसरी गाडी छत्रीसारखी मिटणारी होती. कापडी बैठक, बारीक नळ्या, लहान चाकं. मिटवली की भाजीच्या पिशवीसारखी एका हातात येत होती. मला आनंद झाला, पण तो दांड्यावर भार टाकेपर्यंतच टिकला. गाडी माझ्या हातून पुढे सटकली आणि मी काउंटर धरला म्हणून उभी राहिले. पुन्हा पहिली मागितली, पुन्हा दुसरी. दुकानदार वर्तमानपत्राच्या वरून हे पाहत होते. शेवटी म्हणाले, "बाई, एकदा काय ते ठरवा. गाडी बाळाला हवीय की तुम्हाला?"

माझे कान तापले. मी ऐकून घेणाऱ्यातली नाही, उत्तर जिभेवर आलंही होतं. पण आई माझ्या आधी बोलल्या.

"दोघांना हवीय," त्या म्हणाल्या. "आपल्या दुकानात एका गाडीवर एकाचंच काम होतं अशी पाटी लावलीय का कुठे? मला दिसली नाही, म्हणून विचारते."

दुकानदारांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पाटी नाही," ते म्हणाले.

"मग ती वरची निळी काढा. हलक्यातलीच, पण दांडे जरा उंच दिसतायत."

मला आजही वाटतं, की ज्या बाईनं गाडीला भाजीची गाडी म्हटलं होतं ती त्या क्षणी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि पुन्हा कधी हटली नाही.

तरी माझं ठरेना. जड गाडी मला सावरत होती, पण मिरजेला येऊ शकत नव्हती. हलकी मिरजेला येणार होती, पण मला सावरत नव्हती. आईंनी निळी गाडी स्वतः एकदा उचलली, एकदा दाबून पाहिली आणि निकाल दिला. "हलकी घे. हलकी गाडी जड करता येते. ती दुसरी हलकी कशी करणार?"

घरी आल्यावर आईंनी आम्हाला दाराबाहेरच थांबवलं. गाडी ती गाडी, असं त्यांचं म्हणणं. हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. माझ्या स्कूटरच्या वेळी केलं होतं तसं चाकाखाली लिंबूही ठेवलं. पण त्या चिमुकल्या चाकानं लिंबू कसलं फुटतंय! मी ढकलायला गेले तर लिंबू टुणकन उडून शेजारच्यांच्या चपलांच्या फडताळाखाली गेलं. आईंनी दुसरं लिंबू विळीवर कापून दोन्ही फोडी चाकांपुढे मांडल्या. "आता फुटलंच समज," म्हणाल्या. तोवर बाळानं हारातल्या दोन पाकळ्या खाऊन टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या आवारात माझा सराव सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी आम्ही एक चूक केली, अगदी स्कूटरवाल्यांची चूक. स्कूटरच्या हँडलला जसं सगळं लटकवायचं, तसं गाडीच्या दांड्यांना लटकवलं. माझी पर्स, भाजीची पिशवी, शेवटी काठीही. कट्ट्यावर बसून मी बाळाला मांडीवर घेतलं आणि रिकामी गाडी मागच्या मागे धाडकन कोसळली. टोमॅटो पार फाटकापर्यंत गेले. मुलीला ही फारच मजेची गोष्ट वाटली. मला घाम फुटला. हे फलाटावर झालं असतं तर?

आई टोमॅटो गोळा करून आल्या आणि गाडी उलटीपालटी करून पाहू लागल्या. "समईचं बूड जड असतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आपण भार वर टांगला." रात्रीच्या आत त्यांनी जाड कापडाची एक पिशवी शिवून बैठकीखाली घट्ट बांधली आणि तिच्यात गव्हाच्या पुड्या भरल्या. आता मी दांड्यावर भार दिला तरी गाडी सटकेना. प्रवासात गव्हाऐवजी पाण्याच्या बाटल्या आणि बाळाचे कपडे त्याच पिशवीत जाणार होते. गाडी उचलायची वेळ आली की पिशवी सोडवायची, की झाली पुन्हा हलकी. जुन्या साडीचा काठ कापून त्यांनी गाडीच्या बाजूला एक फासही शिवला, मुलीनं धरायला. "हा सोडलास तर मिरज रद्द," असा तिला दम दिला. तिनं तो जेवतानाही सोडला नाही.

सरावात आई माझ्या मागून चालायच्या. शेजारून कधीच नाही. माझा तोल जरा गेला की मागे त्यांच्या चपलांचा आवाज झपझप जवळ यायचा, मी सावरले की पुन्हा मंद व्हायचा. मुलाला झडप घालून घ्यायची त्यांना किती सवय होती! ती सवय त्या पावलापावलाला गिळत होत्या, आणि मला ते ऐकू येत होतं. काही आठवड्यांनी तो आवाज येईनासा झाला. वळून पाहिलं तर त्या कट्ट्यावर काकूंबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होत्या, म्हणजे लक्ष कुठे होतं ते कळलंच.

मिरजेची तिकिटं काढल्यावर नवऱ्याचा फोन आला, "मी रजा काढून येतो, पोचवतो." मी काही बोलायच्या आत आईंनी रिसीव्हर घेतला. "तू तिथेच थांब," त्या म्हणाल्या. "तुला कुणी बोलावलंय का?" आणि ठेवूनही दिला.

निघायच्या सकाळी आई स्टेशनवर आल्या. हमालानं बॅग उचलली. फलाटावर गाडी मी ढकलली, फास धरून मुलगी शेजारून चालली, आई नेहमीप्रमाणे मागे. डब्यापाशी मी बाकावर बसले, कॅलिपरचं कुलूप सोडलं, बाळाचा पट्टा काढू लागले. तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली आणि तो दचकून भोकाड पसरून रडायला लागला. मी पुढ्यात होते, पण त्यानं दोन्ही हात पसरले ते आजीकडे.

आईंनी आपले हात मागे नेले. पाठीमागे एका हातानं दुसरा हात घट्ट धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. तो आणखी मोठ्यानं रडला, पुढे झेपावला. तरी त्यांचे हात मागेच. मला म्हणाल्या, "थांब जरा. येईल तुझ्याकडे."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. बराच वेळ, निदान मला तरी तसं वाटलं. मग त्यानं मान वळवली, मला शोधलं, आणि तेच दोन हात माझ्याकडे केले. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि हळूहळू गप्प झाला.

दारात उभी असलेली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, द्या त्याला माझ्याकडे, तुम्ही चढा." मी दिला. मदत घ्यायची नाही असा माझा पण नव्हताच. माझी मुलगी आधी चढली, हमालानं मिटलेली गाडी वर सरकवली, मी दारातली दांडी धरून चढले. खिडकीशी बसले तेव्हा धाकटा पुन्हा माझ्या मांडीवर होता. फास अजून माझ्या मुलीच्या मुठीत होता.

आई खिडकीसमोर आल्या. पाण्याच्या बाटल्यांची आठवण करून दिली, घाटात खिडकी लावून घे म्हणाल्या, पोचलीस की फोन कर म्हणाल्या. मला त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. उपकार हा शब्द त्यांना चालला नसता, आणि दुसरा मला सापडेना. गाडी हलली. मुलगी जोरजोरात टाटा करायला लागली, "आजी, टाटा कर ना!" आई हसून मान हलवत राहिल्या. फलाट मागे पडेपर्यंत मी त्यांना बघत होते. नातवाला दिसतील म्हणून त्यांनी हात पुढे आणलेच नाहीत.