पाळण्याखालून

माझी कंबर चार वर्षं दुखतेय, पण तिचा खरा राग आला तो नात झाली त्या दिवशी. हॉस्पिटलात मी बाळासाठी हात पुढे केले, तर विहीणबाई मायेनं म्हणाल्या, "तुम्ही कंबर सांभाळा, मी घेते." आणि घेतलंच. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुलुंडला. म्हणजे नात कायम त्यांच्याच मांडीवर. बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण मांडी घालून जमिनीवर बसल्या तरी हात न टेकता उठतात. मला ते बघवत नाही, खोटं कशाला बोलू?

बारसं सव्वा महिन्यानं ठरलं. नाव ठेवण्याआधी पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि बाळाला एकदा पाळण्याखालून, एकदा वरून एकमेकींच्या हाती देतात. एका बाजूला विहीणबाई असणार हे ठरलेलंच होतं. सुनेनं फोनवर हळूच विचारलं, दुसऱ्या बाजूला तुमच्याऐवजी माझ्या मावशीला उभं करू का? मी म्हटलं, मीच वाकणार.

चारकोपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. तिथल्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, काकू, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? बाकीचे जिना सांगतात, बाजारहाट सांगतात. मी पाळणा सांगितला. ती हसली नाही. मग शेक, करंटचं मशीन, उताणं झोपून कंबर उचलणं सुरू झालं. मुख्य म्हणजे पाठीतून वाकायचं नाही, एक गुडघा टेकून खाली जायचं. तिला विचारून मी कटिबस्तीही घेतली. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल ओततात. तेवढा वेळ छान वाटायचं. शेजारणीनं निर्गुंडीचा पाला आणून दिला, तोही शेकून झाला.

व्यायाम करताना मी विहीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची. दहाच्या जागी बारा वेळा कंबर उचलली जायची. एकदा रागाच्या भरात तीस वेळा उचलली आणि दोन दिवस अंथरुणात काढले.

"काकू, शर्यत कुणाशी लावलीय?" मुलीनं विचारलं.

बारशाला विहीणबाई नऊवारीत झोकात वाकल्या. मी सगळ्यांदेखत गुडघा टेकला. मागे कुणीतरी खुदकन हसलं, हसू दे. पाळण्याखालून नात माझ्या हातात आली, गरम आणि दुधाचा वास येणारी. तिला अशी नीट मी पहिल्यांदाच धरत होते.

आता उठून तिला वरून परत द्यायची होती. विहीणबाईंनी पाळण्यावरून हात पुढे केले. "द्या, विहीणबाई." सव्वा महिना पोर त्याच हातांत होती, आणखी दोन महिने तिथेच राहणार होती.

"थांबा जरा," मी म्हटलं, "कंबर धरलीय."

एकच धावपळ उडाली. कुणी पाणी आणलं, कुणी उशी. मुलगा घाबरून गेला. विहीणबाई तर माझ्या मागे बसून स्वतः पाठ चोळायला लागल्या, तेही इतक्या हळुवार की मला त्यांचा आणखीच राग आला. पंधरा मिनिटं नात माझ्या मांडीवर झोपली होती आणि चार वर्षांत पहिल्यांदाच माझी कंबर जराही दुखत नव्हती.