दोनदा पुकारलेली नावं

आमच्या शेजारचे काका रायपूर स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करायचे. आता निवृत्त आहेत, पण चहा हवा असला तरी दोनदा सांगतात. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. गेल्या महिन्यात त्याच्याच मार्गावरचं दुसरं एक जहाज युद्धात बुडालं. खलाशी सगळे परदेशी. एकही सापडला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बुद्धविहारात अध्यक्षांनी विश्वशांतीवर अर्धा तास भाषण केलं. बुडालेले त्यात 'वगैरे'मध्ये आले. मग काका उठले आणि मोबाइलवरून उतरवून घेतलेली खलाशांची नावं वाचू लागले. प्रत्येक नाव दोनदा, मध्ये थोडं थांबून.

"काका, एक बार में हो जाएगा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही होत. पहिल्यानं मानूस ऐकत नाही."

एका लांबलचक नावावर ते तीनदा अडखळले, तरी सोडलं नाही. बाहेर पडताना मी विचारलं, "एवढी मेहनत काहून, काका?"

चपला शोधत ते म्हणाले, "उद्या त्याईच्या गावात माह्या पोट्ट्याचं नाव वाचा लागलं तं? थोडं अवघडच ठेवलं मी. त्याईले जमन का?"