अंतरपाट आणि अठरा मेगापिक्सेल

अंतरपाट बाजूला झाला आणि माझ्या कॅमेऱ्यावर ‘बिझी’ अशी अक्षरं आली. मी बटण दाबत राहिले. समोर नवरीने हार घातला, नवऱ्याने घातला. फोटो एकही निघाला नाही.

मी भोकरदनला कॉलेजात शिकते. सुट्टीत राजूरच्या सलीमचाचांच्या स्टुडिओत काम करते. लग्नाच्या आदल्या दिवशी चाचांनी दोन जुने कॅमेरे टेबलावर ठेवले होते.

“तुला जो बराबर वाटतो तो घे.”

एक बारा मेगापिक्सेलचा, पकडीचं रबर निघालेला. दुसरा अठराचा, नव्यासारखा. दुकानाच्या दारातून मी दोन्हींनी गणपतीच्या देवळाचा कळस काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. अठरावाला जास्त स्पष्ट होता. शिवाय खरं सांगायचं तर तो हातात शोभत होता. मुलगी फोटो काढणार म्हटलं की लोक आधी कॅमेऱ्याकडे बघतात.

“जल्दी करू नको. चालवून बघ,” चाचा म्हणाले.

“बघितला, चाचा.”

“मंग ने.”

कॅमेरा फोटो आधी आपल्या छोट्या मेमरीत ठेवतो, मग सावकाश कार्डावर उतरवतो. फोटो मोठे असले की ती मेमरी लवकर भरते. भरली की कॅमेरा थांबतो. मला हे माहीत नव्हतं. शेवटच्या मंगलाष्टकेला उडणाऱ्या अक्षतांवर मी बटण दाबूनच धरलं होतं.

धावड्याच्या त्या लग्नात व्हिडिओ सांगितलेला नव्हता. मोबाइलवाल्या पाहुण्यांना तर मीच मागे सारलं होतं. नवरीचा भाऊ फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. हार घालतानाचा फोटो लगेच पाठवा, एवढंच त्याने मागितलं होतं.

“निघाला ना?” सोबत आलेल्या चाचांनी विचारलं.

“न्हाई, चाचा.”

“एक पण न्हाई?”

चाचा नवरीच्या मामाकडे गेले. “मामा, फोटोसाठी हार परत घालायला लावा.”

“काय चाचा, एका खर्च्यात दोन लग्नं लावता का?”

मांडव हसला. मघाशी पदर डोळ्यांना लावून उभी असलेली नवरीची आईही हसली. त्या हसण्यातच दुसऱ्यांदा हार घातले गेले. फोटो छान आला. चाचांनी तो पाठवला.

थोड्या वेळाने भावाचा फोन आला. “फोटो भारी हाय, चाचा. पण आई हसून राह्यली? मला वाटलं, रडली असंल.”

चाचांनी फोन माझ्या हातात दिला.

“दादा, त्या रडत होत्या,” मी म्हणाले. “तो फोटो माझ्याकडून हुकला. हा नंतर काढलेला हाय.”

तिकडून “बरं ताई,” एवढंच, आणि फोन बंद.

आता कॅमेरा निवडायचा असला की मी शाळा सुटताना गेटसमोर उभी राहते आणि पळणाऱ्या पोरांचे फोटो काढते. जागेवर थांबलेली वस्तू कोणताही कॅमेरा चांगली काढतो.