काचेपासून लांब

आलं अर्धंच सोलून झालं होतं. उरलेलं परातीत तसंच टाकून मी बादली घेऊन उठले, कारण पेजेला पाणी कमी पडत होतं. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या माणसांना निघण्याआधी कोंबडी-आलं घातलेली गरम पेज द्यायची, ही आमच्या किनाऱ्यावरची रीत. शेजारच्या नानाय बेनिताला आज पुरायला न्यायचं होतं. सगळा गाव तिला नानाय, म्हणजे आई, म्हणायचा आणि तिच्या आधीच गेलेल्या नवऱ्याला ताताय, म्हणजे बाबा. आठवडाभर ती पुढच्या खोलीत होती, पेटीचं लाकडी झाकण उघडं, चेहऱ्यावर काच, उशाला मेणबत्त्या. रोज संध्याकाळी मी रोझरीच्या माळेवर प्रार्थना सांगायचे, बायका मागून म्हणायच्या. अख्खा गाव येऊन काचेतून तिला बघून गेला. तिचा मुलगा दुलो मात्र एकदाही आला नाही.

तो परसातल्या हातपंपाशी होता. सारखा पंप हापसायचा आणि डोक्यावर पाणी ओतून घ्यायचा.

"आई पेटीत, आणि ह्याची आंघोळच संपत नाही!" कोपऱ्यावरच्या दुकानातली तिया पुरिंग सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलायची. "मयताच्या घरात आंघोळ करू नये, एवढंही शिकवलं नाही का रे तुला?"

"घरात नाही. परसात," दुलो म्हणाला.

मयताला सोबत म्हणून पत्ते खेळत बसलेले बाप्ये हसले. त्याची बहीण लुर्दिंग हसली नाही. ती हाँगकाँगला दुसऱ्यांच्या घरी काम करते, मालकिणीकडून मोजकी रजा घेऊन आलेली. आदल्या दिवशी कॉफीचे कप विसळताना ती मला म्हणाली होती, "मानांग सेलिंग, मी शहरातल्या, इलोइलोच्या सिस्टर्सशी बोलले. त्यांच्या आश्रमात दुलोला जागा आहे. त्याला काय, हे घर काय नि ते काय. आईकडे फिरकलासुद्धा नाही तो."

मलाही ते दिसत होतं.

दुलो आता चाळिशीचा आहे. लहानपणी चर्चची घंटा वाजली की कानावर हात ठेवून जमिनीवर लोळायचा. मग नानाय बेनिता त्याला घेऊन बाहेर, जंगली बदामाच्या झाडाखाली उभी राहायची आणि मिस्सा तिथूनच ऐकायची. ऊन असो, वारा असो. लोक म्हणायचे, मार दे, सुधारेल. इलोइलोच्या डॉक्टरने पुढे कधीतरी 'ऑटिझम' असं नाव सांगितलं. ती परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले गं?" तर म्हणाली, "नाव सांगितलं. बाकी तो दुलोच आहे."

तिने त्याला एक एक गोष्ट कारणासकट शिकवली. नुसतं 'कर' म्हटलेलं तो करत नसे. का करायचं ते कळलं, पटलं, की मग ते कायमचं. समुद्र खवळलेला असताना पुळणीवर जायचं नाही, कारण लाट पाय ओढते. पाहुणा बोलत असताना उठून जायचं नाही, कारण त्याला वाटतं आपण नकोसे झालो. हे दुसरं त्याला फार जड जायचं. माझ्यासमोर तो मुठी आवळून बसायचा, नजर माझ्या खांद्यावर, पण मी उठेपर्यंत उठायचा नाही. म्हणून मी लवकर उठायचे.

बादली पंपाखाली ठेवली तेव्हा त्याचे डोळे दिसले. लाल, सुजलेले. नाकातून गळत होतं. ते पंपाचं पाणी नव्हतं.

मी खाली दगडावर बसले. "दुलो, ये ना रे आत. आता झाकण लावतील. मग दिसायची नाही."

"नाही."

"का रे?"

"काच आहे."

"असू दे की."

"नानायने सांगितलंय. ताताय गेले तेव्हा. काचेवर डोळ्यातलं पाणी पडलं की जाणाऱ्याची वाट जड होते." तो पंपाच्या दांड्याकडे बघत बोलत होता. "वाट जड झाली तर नानाय अडकेल."

"अरे, मग तिथे रडायचं नाही. आम्ही नाही का, आलंच तर पुसतो, बाजूला होतो."

"तुम्हाला आधी कळतं. मला नाही कळत. पडल्यावर कळतं."

आम्ही सगळ्याच जणी त्या काचेवर वाकलो होतो. बाहीने, रुमालाने, मनगटाने डोळे टिपत होतो. तिया पुरिंग तर काचेला नाक लावून रडली होती. नियम आम्हालाही ठाऊक होता, पण आम्ही तो आमच्या सोयीने पाळला. त्याने पाळला तो आईची वाट मोकळी राहावी म्हणून, तिचा चेहरा न बघता.

मी आत धावले. लुर्दिंगला दंडाला धरून परसात आणलं, वाटेतच सगळं सांगितलं. ती ऐकताना माझ्याकडे अशी बघत होती जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

"दुलो," ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, "चल. मी तुझ्या डोळ्यांखाली टॉवेल धरते. एक थेंब पडू देणार नाही."

त्याने विचार केला. खरंच केला, ओठ हलत होते. मग तिच्या हाताकडे बघितलं.

"तुझा हात हलतोय," तो म्हणाला. "तू पण रडतेयस."

"मग मी धरते," मी म्हटलं.

"मानांग, तुमचाही."

आतून कुणीतरी ओरडलं, फादर थांबलेत, उशीर होतोय. लुर्दिंगने पुन्हा विनवलं, "अरे, परत कधीच दिसणार नाही रे ती. कधीच."

"माहीत आहे," दुलो म्हणाला. "झाकण लावा. मग येतो. झाकण लाकडाचं आहे."

आणि तसंच झालं. झाकण बसवल्याचा आवाज आला, तसा तो उठला. ओल्या कपड्यांनी, पायांना चिखल, सरळ पुढच्या खोलीत. लोक बाजूला सरकले. त्याने लाकडावर गाल टेकला, जिथे खाली तिचा चेहरा असेल बरोबर तिथे, आणि असा आवाज काढला की पत्ते खेळणारे बाप्ये उठून उभे राहिले. तिया पुरिंगने तोंडावर हात ठेवला. फादरनेही घाई केली नाही. मी रोझरी हातात घेतली, पण 'नमो मारिया'च्या पुढचे शब्द येईनात. मरियामाई समजून घेईल. तीही एका मुलाची आई होती.

चर्चच्या आत तो आला नाही, बदामाखाली एकटाच उभा राहिला. दफनभूमीत मात्र शेवटपर्यंत होता. थडग्याचं तोंड सिमेंटने लिंपणाऱ्या माणसाला त्याने विचारलं, "ह्याच्यात काच बसवणार का?"

"नाही रे, काच कशाला?"

"मग रोज येतो," दुलो म्हणाला.

संध्याकाळी लुर्दिंग माझ्या पायरीवर बसली. "इलोइलोहून इथे रोज कसा येईल तो?" ती म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाली, "मानांग, एक विचारू? जेवायला तुमच्याकडे आला तर चालेल? पैसे मी पाठवत जाईन."

"पैशाचं नको बोलूस. पाणी भरतो तो माझं."

"लवकर परत यायला बघते. पण मालकीण सोडेल तेव्हा."

ती हाँगकाँगला गेली. दुलो आपल्या घरातच झोपतो आणि पाहुणा नसतानाही पुढच्या खोलीतली खुर्ची पुसून ठेवतो. मी समोर बसले तर आता लवकर उठावंसं वाटत नाही, पण उठते. आईचा चेहरा कसा होता ते त्याने मला एकदा विचारलं. झोपल्यासारखा, मी म्हटलं. त्याला ते पुरलं नाही. "तोंड उघडं होतं की मिटलेलं?" मिटलेलं, मी म्हटलं. मग तो बादली उचलून पंपाकडे गेला.

आज सकाळचं पाणी भरून झालंय. आता तो तिया पुरिंगच्या दुकानातून मीठ आणायला निघालाय.