पास्कल सर आणि लॉबीतला टीव्ही

पास्कल सर परवा गेले, आणि आज ऑफिसने त्यांना टीव्हीवर लावलं.

वसई ईस्टच्या आमच्या ऑफिसची लॉबी. हार घातलेला फोटो. खाली, 'आमचे ग्रीन हिरो. भावपूर्ण श्रद्धांजली.'

याच टीव्हीपायी त्यांना मेमो मिळाला होता. टाईप मी केला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी एचआरमध्ये. सर आमच्या आयटीचे हेड, वसईजवळच्या गिरीज गावचे, घरची केळीची वाडी. संध्याकाळी सगळे निघाले की ते फ्लोअरवर एक चक्कर मारायचे. मॉनिटर, प्रिंटर, कोपऱ्यातले चार्जर, एकेक बटण बंद.

नवे लॅपटॉप आले तेव्हा जुन्या मशीनसाठी भांडले. "रॅम टाकली की अजून चार वर्षं चालतील."

मॅनेजमेंटने सगळी भंगारात काढली आणि वर 'ग्रीन ऑफिस'चा केक कापला. केक मीच मागवला होता, म्हणजे बघा.

मग आला हा टीव्ही. ऑफिसने आज किती वीज वाचवली ते दाखवायला. आणि स्वतः चोवीस तास चालू! रविवारीसुद्धा. रविवारी बघतो कोण? वॉचमन.

सर तोही बंद करायचे. मी एकदा हसले, तर म्हणाले, "बाय, आमच्याकडे मोटर चालू ठेवून कोणी घरी जात नाय. जास्त उपसलं की विहीर खारी होते. मग केळीची वाट लागते."

"सर, इथे कुठे आली विहीर?"

"वीज कुठून तरी येतेच ना? तिथे कोणाची तरी विहीर असणारच."

मग आमचं ठरलं. संध्याकाळी ते बंद करणार, सकाळी सगळ्यांत आधी मी येते, तर मी चालू करणार. कित्येक महिने चाललं. कोणाला कळलंही नाही.

एक दिवस मी उशिरा आले. कारण काही नाही, झोप लागली, बस्स.

नेमके त्याच सकाळी परदेशातले क्लायंट आले. टीव्ही काळाठिक्कर. साहेबांना रिमोट सापडेना.

"हा बंद कोण करतं?"

सर म्हणाले, "मी."

चालू कोण करतं, हे साहेबांनी विचारलं नाही. सरांनी सांगितलं नाही. मी एव्हाना पोचले होते, तिथेच उभी होते, तोंडातून शब्द काढला नाही.

दुपारी मेमो. 'कंपनीच्या मालमत्तेत विनापरवानगी हस्तक्षेप.' टाईप केला, प्रिंट काढली, त्यांच्या हातात दिली. दोन पानं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पाठपोट काढायची ना, बाय. एक कागद फुकट गेला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची चक्कर बंद. साडेसहाला बॅग उचलायचे आणि टीव्हीकडे न बघता निघून जायचे.

मेमोने कोणी मरत नाही. हार्टने गेले. मला कळतं ते.

पण वर्षभर त्यांना तसं जाताना बघत होते, आणि रोज म्हणत होते, उद्या सांगू साहेबांना.

काल चर्चमध्ये त्यांच्या बायकोने माझा हात धरला. "तू ती सकाळी टीव्ही लावणारी ना? चांगली पोर आहे म्हणायचे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, त्या दिवशी चूक माझी होती. लॅपटॉपवरून मान वर न करता ते म्हणाले, "आता त्याचं काय?"

खरंच. आता त्याचं काय.

निघताना बघितलं, लॉबीत रिकाम्या खुर्च्यांसमोर सर झळकत होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, सोमवारपर्यंत चालूच ठेवायला सांगितलंय."

"विचारलं तर माझं नाव सांगा," म्हटलं, आणि बटण बंद केलं.

सोमवारी मेमो आला तर तोही मीच टाईप करीन. पाठपोट काढीन.

टीव्ही बंद केलाय, सर. निवांत जा.